बसून पाहणाऱ्यांचा दिवा

मी एक जुना दिवा आहे मित्रांनो, पण घरातला नव्हे. कलादालनातल्या फोटोंवर उजेड टाकणे हे माझे काम. जाड पत्र्याचे अंग, वळणारी मान आणि तोंडापुढे चार झडपा. कारखान्यातून निघताना तपासनिसाने माझी मान शंभरदा वळवून पाहिली आणि ‘चिवट आहे’ असा शेरा मारला.

वीस वर्षे मी भिंतीलगतच्या पट्टीवर राबलो. लोक फोटोंचे कौतुक करत. माझ्याकडे कोणी पाहत नसे. आमच्या धंद्यात हीच शाबासकी. दिव्याकडे लक्ष गेले, म्हणजे दिवा चुकला.

मग छताच्या मधोमध नवे, सपाट दिवे बसले. मी फार तापतो, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे लोक माझ्या मानेला ओल्या छत्र्या अडकवत. सहा वर्षे ते पाणी अंगावर ठिबकले.

एकदा दालनात एका फोटोग्राफर मुलीचे पहिले प्रदर्शन लागले. सगळे फोटो तिच्या आईचे, सूतगिरणीत यंत्रावर काम करतानाचे. आई आता चाकांच्या खुर्चीत होती आणि लेकीने तिला यातला एकही फोटो आजवर दाखवला नव्हता. उद्घाटन पाचला होते. गर्दीआधी पाहता यावे म्हणून लेक तिला तीनलाच घेऊन आली. अडगळीचे दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते.

समोरच्या भिंतीवर काचेत मढवलेला, माणसाएवढा फोटो होता. आई त्याच्यापुढे बराच वेळ थांबली.

“छान आहे गं,” ती म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत चहा प्यायला गेली.

दिव्यांची मांडणी करणाऱ्या बाईंना सगळे मोजपट्टी म्हणत. लेक त्यांच्याजवळ आली. “ताई, आईला नाही आवडला.”

“छान म्हणाल्या की.”

“तेच तर. ती कशालाच नुसतं छान म्हणत नाही. माझ्या लग्नातल्या साडीलासुद्धा तिनं नावं ठेवली होती.”

तेवढ्यात मोजपट्टींच्या हातून स्क्रू निसटला. तो उचलायला त्या खाली बसल्या, सहज वर पाहिले आणि तशाच बसून राहिल्या. फोटोत चेहऱ्याच्या जागी छतावरच्या दिव्याचा पांढरा डाग चमकत होता.

“अगं, आपण दोघींनी सगळं उभ्यानं जुळवलं. त्यांना चेहराच दिसला नाही.”

“मग बोलली का नाही?”

“तुझा दिवस आहे म्हणून.”

छतातले दिवे पक्के बसवलेले, ते सरकत नव्हते. जुनी पट्टी मात्र भिंतीलगत तशीच होती. चार वाजता मोजपट्टींनी माझ्या मानेवरची छत्री काढली. “चला म्हातारबुवा.” त्यांनी मला पुसले, कमी तापणारा नवा बल्ब बसवला, पट्टीवर चढवले आणि छतातला तो दिवा बंद केला. मग माझी मान जवळजवळ सरळ खाली वळवली, म्हणजे काचेवरची चकाकी डोळ्यांत न जाता जमिनीवर उतरेल. मान करकरली, पण ठेवली तिथेच राहिली. झडपा चौकटीपुरत्या उघडल्या. दर खेपेला मोजपट्टी शिडीवरून उतरत आणि बुटक्या स्टुलावर बसून पाहत.

पाचला दहा मिनिटे असताना लेकीने आईची खुर्ची पुन्हा आत आणली. आई पाहत राहिली. मग म्हणाली, “केस तरी विंचरू द्यायचेस. आणि मागची बॉबिन रिकामी दिसतेय. अख्ख्या गिरणीत माझी अब्रू घालवलीस.”

लेक हसता हसता रडू लागली. “म्हणजे आवडला?”

“आधी हे सांग, मी खरंच इतकी ताठ उभी राहायचे?”

“रोज,” लेक म्हणाली.

त्या संध्याकाळी दालन भरून गेले. त्या फोटोपुढून लोक हलेनात आणि एकानेही मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. मित्रांनो, एवढा मोठा विजय मला वीस वर्षांत मिळाला नव्हता. आता माझे तीन जुने सोबतीही पट्टीवर परतले आहेत आणि दालनात शिडीशेजारी ते बुटके स्टूल कायमचे असते.

म्हणून एवढेच मागणे आहे. कोणासाठी काही मांडाल, तेव्हा त्याच्या जागी एकदा बसून पाहा. जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. आणि छत्र्या कृपा करून दुसरीकडे अडकवा.