चारशे रिकाम्या खोल्या

"थांबा, आत सोडत नाही कुणाला," रूमवाला ओरडला खरा, पण त्याआधीच त्याचे पाय सवयीने गाडीकडे धावले होते. बावीस वर्षे तो याच वळणावर पर्यटकांच्या गाड्यांबरोबर पळत आला होता. काचेतून डोकावायचे, माणसे मोजायची आणि गोड बोलून कुणाच्या तरी लॉजवर नेऊन सोडायचे, हा त्याचा धंदा. साथ आली आणि पाहुण्यांवर जगणाऱ्या गावाने त्याच वळणावर दगड रचले. पहाऱ्याला कोण, तर गाड्यांची नस ओळखणारा हाच.

काच खाली झाली. आत त्याची मुलगी होती.

"बाबा, आमचं हॉटेल बंद झालं. स्टाफच्या खोल्याही खाली करायला लावल्या. बरोबरच्या दोघी तापानं पडल्यात. मला काही नाही."

शेवटचे वाक्य ती जरा घाईने बोलली. घरी तिची आई दम्याने बेजार होती, दोन पायऱ्या चढली तरी तिची छाती भात्यासारखी चाले. शिवाय परवाच याने पर्यटकांचे फोटो काढून पोट भरणाऱ्या गावातल्या फोटोवाल्याच्या सख्ख्या भावाला इथूनच परतवून लावले होते, वर 'नियम म्हणजे नियम' असे ऐकवलेही होते. तो फोटोवाला आज जोडीला पहाऱ्यावर होता.

"मी तोंड फिरवतो," फोटोवाला हळूच म्हणाला. "घ्या पोरीला आत. भावाचं मी मनात धरलेलं नाही."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते. रूमवाल्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"गावात चारशे खोल्या रिकाम्या आहेत, बाबा," मुलगी म्हणाली. "एकीत कोंडून घेते. आईसमोर येत नाही."

"ती ऐकणार आहे होय? तू आलीस कळलं की तुझ्या दाराशी येऊन बसेल. आणि तुला आत सोडलं तर उद्या कुणाला कोणत्या तोंडानं अडवू?"

मुलीने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "आईला सांगू नका, मी आले होते म्हणून."

"जाशील कुठं?"

"बघते."

रस्ता अरुंद, एका अंगाला दरी. ड्रायव्हरला गाडी वळवता येईना, तेव्हा रूमवाला मागे जाऊन कडेला उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या," म्हणत, डिकीवर हलक्या थापा मारत तो गाडी मागे घेऊ लागला. चाक दरीपासून हातभर राहिले तेव्हा त्याने "बस" म्हटले आणि ड्रायव्हरला पुढे जायची खूण केली.