पट्टी पांढरीच

एव्गेनच्या पाठीचे मणके तिशीपासूनच एकमेकांना चिकटायला लागले होते. सकाळी उठला की त्याला मान वळवता यायची नाही. कुणी हाक मारली तर तो अख्खा वळून बघायचा. मुरा नदीच्या काठच्या आमच्या गावात म्हणून त्याला 'जनरल' म्हणायचे. तो पोस्टाची गाडी चालवायचा. त्याची बायको इलोंका बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या हातचं खाऊन गावातलं एकही मूल कधी आजारी पडलं नाही, हे ती स्वतः सांगायची नाही, पण कुणी सांगितलं तर ऐकून घ्यायची.

एव्गेनला बरं वाटायचं ते फक्त गरम पाण्यात. आमच्याकडे जमिनीतूनच गरम पाणी निघतं, जवळच मोठी स्नानगृहंही आहेत. पण ज्याला सकाळी स्वतःचे मोजे घालता येत नाहीत त्यानं गाडी काढून तिथवर जायचं कसं? म्हणून त्यांनी घरामागच्या पडवीत टब बसवून घेतला. चौघं मावतील एवढा, वर जाड झाकण, आत पाणी फिरवणारा पंप आणि ते तापवणारा हीटर. पाणी सदतीस-अडतीस अंशांवर ठेवायचं, त्यात क्लोरीनची भुकटी टाकायची आणि चाचणीची कागदी पट्टी बुडवून बघायची. पट्टी जांभळट झाली की पाणी ठीक. पांढरी राहिली की क्लोरीन संपलंय, अजून घाला. आयुष्यभर भांडी उकळत्या पाण्यातून काढणाऱ्या इलोंकाला यात शिकण्यासारखं काही वाटलं नाही.

रोज सकाळी एव्गेन झगा गुंडाळून, काठी टेकत पडवीत जायचा. परत यायचा तेव्हा टेबलाच्या त्या टोकाचं मीठ स्वतः हात लांबवून घ्यायचा. रविवारी त्याचा धाकटा भाऊ कार्ची यायचा. दोघं गळ्यापर्यंत पाण्यात बसून सोडा घातलेली वाइन प्यायचे आणि तिसऱ्याच कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून भांडायचे. इलोंकाला ते भांडण स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

त्या वर्षी भोपळे काढून झाल्यावर जवळच्या सोबोटा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी एव्गेनला नवीन इंजेक्शन सुरू केलं. दर पंधरवड्याला एक, पोटावर, घरच्या घरी.

"यानं पाठ मोकळी होईल," त्या म्हणाल्या. "पण अंगाची राखण जरा ढिली पडते. ताप आला, खोकला आला तर घरी बसून राहायचं नाही."

"आणि टब?" इलोंकानं विचारलं.

"पाणी स्वच्छ असेल तर खुशाल बसू दे. नसेल तर मुळीच नको. कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि वाफेबरोबर फुप्फुसात जातात."

एव्गेन हे दवाखान्याच्या दारातच विसरला. इलोंकाच्या मनात मात्र त्या वाक्यानं घर केलं. घरी आल्याआल्या तिनं झाकण उचलून पाण्याकडे बघितलं. पाणी निळसर, निवांत, वाफाळतं. दोन वर्षं तिला ते नवऱ्याचं औषध वाटत होतं. आता ते एखाद्या झाकलेल्या पातेल्यासारखं दिसायला लागलं, ज्यात काय शिजतंय ते कळत नाही.

तिनं सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवायला सुरुवात केली. मग गाळणी रोज धुवायला लागली. मग तिनं कार्चीला दारात अडवलं.

"साबण लावून आंघोळ केलीस?"

"केली की, वहिनी. काल."

"आज?"

"आज इथे करायला आलोय."

पुढच्या रविवारी तिनं त्याला पायरीच चढू दिली नाही. "नाक गळतंय तुझं. घरी जा."

"थंडीनं गळतंय, वहिनी. बाहेर उभं करून ठेवलंयस आणि वर नाक बघतेस."

"मग घरात जाऊन ऊब घे. तुझ्या घरात."

कार्ची हसला, पण नंतरच्या रविवारी आला नाही. एव्गेन पाण्यात एकटाच बसायला लागला. एकदा म्हणाला, "मी पाण्यात कुणाशी बोलू? पंपाशी?" इलोंका गाळणी धुवत राहिली.

डिसेंबरात धुकं आलं आणि त्यामागून कडाक्याचा गारठा. कोमट पाण्याची तिला इतकी धास्ती बसली होती की पाणी एका अंशानंही निवू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. पडवीच्या तिन्ही उघड्या बाजूंना तिनं जाड प्लास्टिक ठोकून घेतलं. वारा बंद झाला, पाण्याची ऊब टिकायला लागली. मधेच तिला शंका यायची आणि ती सगळं पाणी सोडून टब घासून पुन्हा भरायची, भुकटीही सढळ हातानं घालायची. मग ते थंडगार पाणी तापायला दुसरा दिवस उजाडायचा, आणि एव्गेनची ती सकाळ लाकडासारखी जायची. तो बिछान्याच्या कडेला बसून राहायचा आणि ती त्याच्या पायात मोजे चढवायची.

"काल बसलो होतो त्या पाण्याला काय झालं होतं?" तो विचारायचा.

"काही झालं नव्हतं."

"मग सोडलंस कशाला?"

"काही होऊ नये म्हणून."

जानेवारीत पट्टी पांढरी राहायला लागली.

पहिल्या दिवशी तिनं भुकटी घातली आणि कामाला गेली. संध्याकाळी बघितलं तर पट्टी पांढरीच. क्लोरीन जातंय कुठे? पाण्यात काहीतरी आहे आणि ते सगळं खाऊन टाकतंय, एवढाच अर्थ तिला लागला. पाणी सोडून दिलं तर एव्गेनची सकाळ पुन्हा लाकडासारखी जाणार, म्हणून तिनं भुकटीच दुप्पट घातली. सकाळी पुन्हा पांढरी. बालवाडीत मुलांसाठी सूप ढवळताना तिचा हात थांबायचा, आणि अॅप्रनच्या खिशातला फोन वाजलाय असं तिला उगाचच वाटायचं. एव्गेनला तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो घाबरला नसता, आणि त्याच्या न घाबरण्याचीच तिला जास्त भीती होती.

"डोळे फार चुरचुरतात गं," तो एकदा पाण्यातून आल्यावर म्हणाला.

"ते स्वच्छ पाण्यामुळे."

"आणि वास किती येतो."

"येऊ दे. वास येतोय म्हणजे औषध आहे."

असं ती म्हणाली खरी, पण पट्टी तर औषध नाही म्हणत होती. वासावर विश्वास ठेवायचा की पट्टीवर, हा प्रश्न तिच्या मनात डोकावला. तिनं तो बाजूला सारला आणि आणखी भुकटी घातली.

मग एव्गेनला खोकला सुरू झाला. कोरडा, ढास लागल्यासारखा. झाकण उचलून पाण्यावर वाकला की सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत थांबायचा नाही. ताठ पाठीच्या माणसाला खोकला म्हणजे बरगड्यांवर घाव. चौथ्या सकाळी तो पडवीच्या दारातच भिंतीला धरून उभा राहिला. ओठ राखाडी पडले होते. इलोंकानं त्याला झग्यावरच कोट चढवला, गाडीत बसवलं आणि सोबोटाला नेलं. वाटेत ती एकच गोष्ट मनात म्हणत होती: आलंच. शेवटी आलंच.

हॉस्पिटलनं त्याला ठेवून घेतलं. छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं, लघवी घेतली. फोटोत काही वाईट दिसत नव्हतं, पण संसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत इंजेक्शन बंद, असं सांगितलं.

"घरी कुणी आजारी आहे का? प्रवास केला होता?" तरुण डॉक्टरानं विचारलं.

"घरी टब आहे," इलोंका म्हणाली. "पाणी खराब झालंय. मीच बघत होते ते." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यानं तिला पुन्हा बोलायला लावलं.

"पाण्याचा नमुना आणता येईल?"

ती मान हलवून निघाली. वाटेतून तिनं कार्चीला फोन केला. ती घरी पोचली तेव्हा तो आधीच आला होता आणि पडवीचं एका बाजूचं प्लास्टिक काढून बाहेर उभा होता.

"आत थांबवत नाही, वहिनी. नाकातोंडात जातं."

"तुला नाक पुसायला नाही बोलावलं. झाकण धर."

तिनं रिकामी बाटली पाण्यात बुडवून भरली आणि सवयीनं पट्टीही बुडवली. पांढरी. तेवढ्यात कार्चीनं टब रिकामा करायला बाहेरची बादली ओढून खालची नळी तिच्यात सोडली; रात्री पडलेला बर्फ वितळून ती बादली अर्धी भरली होती. तो वाकून बाही सावरत होता, तेव्हा इलोंकाचं लक्ष गेलं. त्याच्या गडद निळ्या स्वेटरची बाही झाकणाला लागून भिजली होती, आणि भिजलेल्या जागी रंग उडून नारिंगी डाग पडत चालला होता.

"हे आत्ता झालं?" तिनं विचारलं.

"काय? अरे देवा, हा तर नवा आहे."

तिच्या हातातली पट्टी सुटून बादलीत पडली. तिनं ती उचलली. पट्टी जांभळी झाली होती. जांभळट नव्हे, पिकलेल्या जांभळासारखी काळीजांभळी.

तिनं एक कोरी पट्टी घेतली आणि टबात बुडवली. क्षणभर रंग चढला आणि तिच्या डोळ्यांदेखत उडून गेला. पांढरी. बर्फाच्या पाण्यानं पातळ केलेल्या त्याच पाण्यात जांभळी.

"कार्ची," ती म्हणाली, "क्लोरीन कमी नव्हतंच."

"म्हणजे?"

"इतकं होतं की पट्टीचासुद्धा रंग जात होता. तुझ्या बाहीसारखा. मी पांढरी बघायची आणि अजून घालायची." ती टबाच्या कडेवर बसली. "आणि वारा येऊ नये म्हणून सगळं बंद करून ठेवलं. झाकणाखाली रात्रभर साठलेली वाफ त्याच्या तोंडावर यायची, रोज सकाळी."

कार्ची काहीतरी चेष्टा करणार होता, पण त्यानं ती गिळली. "चल," तो म्हणाला, "मी गाडी चालवतो. डॉक्टरला सांगायला हवं."

डॉक्टरानं ऐकून घेतलं, बाटलीचं बूच उघडून लगेच लावलं आणि सांगितलं की याचा मेळ बसतो. तरी तपासण्यांचे निकाल येईपर्यंत थांबू. ते आले. संसर्ग नव्हता. छातीची आतली बाजू सोलवटल्यासारखी झाली होती, ती हळूहळू भरून येणार होती.

एव्गेनला तिनंच सांगितलं, खाटेशेजारी उभं राहून. तिला वाटलं तो हसेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तो तसं काही म्हणाला नाही.

"डोळे चुरचुरतात म्हणून मी कितीदा सांगितलं?"

"सांगितलंस."

"मी बसायचो त्या पाण्यात, इलोंका. तू नाही. पट्टीला विचारलंस, मला नाही विचारलंस."

"मला भीती वाटत होती."

"ठाऊक आहे. मला तर आता पाण्यापेक्षा तुझ्या भीतीची भीती वाटते." एवढं बोलून त्याला ढास लागली, आणि ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

घरी आल्यावरचे दिवस वाईट गेले. इंजेक्शन चुकल्यानं पाठ पुन्हा आवळली होती आणि खोकला पुरता गेला नव्हता. कार्चीनं टब रिकामा केला, घासला, प्लास्टिकचे पडदे काढून टाकले. नवीन पाणी भरलं. क्लोरीन किती घालायचं ते यापुढे एव्गेन ठरवणार होता. पट्टी तो स्वतः बुडवणार, आणि नाक, डोळे काय म्हणतात तेही तोच बघणार. इलोंकानं कबूल केलं, पण त्या दिवशी तिनं बादली धुण्याच्या निमित्तानं तीनदा पडवीत फेरी मारली.

पाणी तापलं त्या सकाळी एव्गेनचा पाय टबाच्या कडेवरून वर जाईना. कार्चीनं एका बाजूनं धरलं, इलोंकानं दुसऱ्या. तो पाण्यात उतरला, डोळे मिटले, आणि तिनं श्वास रोखून धरला. खोकला आला नाही.

"आता तूही उतर," तो म्हणाला.

"मी? मला कामावर जायचंय."

"तू उतरलीस तरच मी रोज बसेन."

"वहिनी, साबण लावून आंघोळ केलीय ना?" कार्चीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोघांसाठी कॉफी करायला आत गेला.

तिनं स्वेटर काढला आणि परकरावरच उतरली. पाणी तिला वाटलं होतं त्याहून मऊ होतं. बाहेर भोपळ्याच्या शेतावर धुकं होतं, पडवीतून वारा सरळ येत होता आणि खांदे गारठत होते. पंप सुरू झाला, बुडबुडे आले. ती एव्गेनच्या श्वासाकडे कान लावून बसली. एक आत, एक बाहेर, शेवटी जराशी घरघर.

"ऐकणं थांबव," तो डोळे न उघडता म्हणाला.

"थांबवते," ती म्हणाली, आणि ऐकत राहिली.