माझा बल्ब गेला म्हणे

मित्रांनो, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका हायस्कूलच्या अडगळीतून बोलणारा मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. माझ्या काचेवर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून लिहायचं आणि मी ते अक्षर भिंतीवर भलं मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम. मला कोणत्या कारखान्यात बनवलं ते आठवत नाही, आणि आठवायची हौसही नाही. मी कामाला लागलो तो बर्निस हॅगेमन बाईंच्या वर्गात, बीजगणिताच्या दुसऱ्या वर्षाला.

पहिल्या वर्षी पोरांना क्ष भेटतो. दुसऱ्या वर्षी त्याचा वर्ग होतो आणि पोरांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी होतात. दरवर्षी कोणीतरी दीडशहाणा हात वर करायचा, "बाई, याचा आयुष्यात उपयोग काय?" हा प्रश्न जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला, असा त्याचा आव असायचा. बाई पेन न थांबवता म्हणायच्या, "तुला? बहुतेक काहीच नाही. पुढचं गणित घे."

बीजगणिताच्या पुस्तकात विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं शेवटी छापलेली होती, सम क्रमांकाची नव्हती. म्हणून बाई घरी करायला फक्त सम गणितं द्यायच्या. पोरं कुरकुरायची, पण शिकायची. बाई रोज माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. मला त्या फार आवडायच्या.

बाई निवृत्त झाल्या. शाळेने केक कापला, भाषणं ठोकली आणि त्यांचा वर्ग फुटबॉलच्या कोचच्या गळ्यात मारला. आमच्याकडे अशीच रीत आहे. कोच हवा असतो सामन्यांसाठी, पण नेमतात शिक्षक म्हणून; मग ज्या विषयाला शिक्षक उरला नसेल तो त्याचा.

या डॅरल व्होथ कोचला बीजगणित ओ की ठो कळत नव्हतं. त्याने फक्त विषम गणितं द्यायला सुरुवात केली. पोरं मागचं पान उघडून उत्तरं उतरवायची, कोच तेच पान उघडून तपासायचा. सगळ्या वर्गाला अव्वल श्रेणी. आईबाप खूश, मुख्याध्यापक खूश. शुक्रवारी खेळाडू संघाचे शर्ट घालून वर्गात रेलून बसायचे आणि कोच माझ्या काचेवर संध्याकाळच्या सामन्याचे डाव काढायचा. मी गुमान दाखवायचो. अशी माकडं मी जन्मात पाहिली नव्हती.

वर्गात ट्रिना कोएलर नावाची मुलगी होती. तिला पूल बांधायला शिकायचं होतं. त्यासाठी वसंतात विद्यापीठाची गणिताची परीक्षा होती. तयारी म्हणून तिने घरी सम गणितं काढून पाहिली. एकही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली.

"कोच, चौदावं गणित सोडवून दाखवता का?"

"पंधरावं कर की. तसंच आहे."

"पंधराव्याचं उत्तर मागे आहे. ते मलाही वाचता येतं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. कोचला उठावंच लागलं. त्याने समीकरण लिहिलं, खाली बरोबरचं चिन्ह काढलं आणि पेन तिथेच अडकलं. चिन्ह भिंतीवर तसंच लोंबकळत राहिलं. मग त्याने हळूच माझं बटण बंद केलं.

"बल्ब गेला. राहू दे आता."

ट्रिना पुढे आली आणि तिने बटण दाबलं. मी लख्ख पेटलो.

"बल्ब ठीक आहे, कोच. पुढची ओळ लिहा."

कोच लालबुंद झाला. त्याने माझी वायरच भिंतीतून उपटली. "बिघडलाय म्हटलं ना? जागेवर बस."

ट्रिनाने वळून वर्गाकडे पाहिलं. मी पेटलेला सगळ्यांनी पाहिला होता. एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. पण अव्वल श्रेणी जाईल या भीतीने एकजात सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पंधराव्या गणिताचं उत्तर उतरवायला घेतलं. कोच तर अडाणीच होता, त्याच्याकडून मला आशा नव्हती. पण त्या पोरांची मला शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

संध्याकाळी माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवून मला इथे आणून टाकलं. ट्रिना त्या परीक्षेत नापास झाली. तिला अभियांत्रिकीला घेतलं नाही, असं झाडलोट करणारे दोघे बोलताना मी ऐकलं. त्या वर्षी संघ जिंकला आणि कोचचा फोटो प्रवेशदाराशी लागला.

मित्रांनो, मला बाहेर काढा, पुसा, जपा, असलं काही मी मागणार नाही. वस्तू जपायला फारसं काही लागत नाही, एक रुमाल पुरतो. पण तुमच्या वर्गात एखादी पोर खरं बोलायला एकटीच उभी राहिली, तर तेवढा वेळ तरी मान वर ठेवा.