एका नावेतल्या दोन विहिणी

विमलबाई आणि बेबीबाई रोज एकाच नावेत बसायच्या, पण त्यांना एकमेकींशी भांडायची सोय नव्हती. त्या विहिणी होत्या. विमलबाईचा मुलगा बादल, बेबीबाईची मुलगी रेणू. वऱ्हाडात विहिणीला ईनबाई म्हणतात, आणि ईनबाईशी बोलताना जिभेवर साखर ठेवावी लागते. पोटात काय असेल ते पोटात.

गाव कामरगावपासून जीपनं थोडं आत, धरणाच्या काठावर. दोघींचेही नवरे मासे धरायचे. विमलबाईचे वारले, बेबीबाईच्यांची कंबर गेली. पुढं बचत गटाला एका योजनेतून फायबरची नाव मिळाली, तेव्हा गटातल्या बाकीच्या बायका नावेपाशी फोटो काढून घरी गेल्या. पाण्यात उतरल्या त्या या दोघीच. विमलबाई पुढं बसून जाळं टाकी, बेबीबाई मागं बसून वल्हं मारी.

त्रास एकच होता. धरणाच्या पोटात जुनी शेतं बुडाली होती, आणि त्यांच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळींची खुंटं अजून तशीच उभी होती. जाळं त्यात अडकलं की फाटलंच.

बादल वाशीमला गॅरेजमध्ये कामाला होता. त्यानं आईसाठी एक यंत्र आणलं. मोबाइलपेक्षा मोठा पडदा, आणि वायरला बांधलेला भोवऱ्याएवढा गोळा. गोळा पाण्यात सोडायचा. तो खाली आवाज पाठवतो, आवाज परत येतो, आणि तळ, खुंट, मासा सगळं पडद्यावर दिसतं. एक बटण दाबलं की त्या जागेवर झेंडा लागतो, म्हणजे पुन्हा यायला सोपं.

रेणूनं ते पाहिलं आणि रात्री नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुमच्या मायले नवे डोळे भेटले, बरं झालं. माही माय मांगं आंधळीच वल्हं मारन."

बादल समजायचं ते समजला. पुढच्या खेपेला त्यानं सासूसाठीही तस्संच यंत्र आणलं. एक बोट लहान नाही, एक बोट मोठं नाही.

दोन यंत्रं एका नावेत सुरू झाली आणि धरणात माशांचा पूर आला. पडद्यावर नुसते ठिपके, रेघा, झुंडीच्या झुंडी. जाळं टाकावं तर वर यायचं फक्त शेवाळ.

"लय मासे हायेत ईनबाई," विमलबाई म्हणे.

"हायेत तं," बेबीबाई म्हणे. "तुमच्या पायगुनानं."

शेवटी कामरगावहून तौकीरला बोलावलं. तौकीरचं मोबाइल आणि डिश दुरुस्तीचं दुकान होतं. नावेत बसायची त्याला भीती वाटायची, म्हणून त्यानं दोन्ही यंत्रं काठावरूनच पाहिली, वायरी काढल्या, लावल्या, आणि हसायला लागला.

"मावशी, हे दोघं एकाच सुरात वरडून राह्यले. याचा आवाज त्याच्या कानात, त्याचा याच्या. तुमाले दिसतात ते मासे नाई, या डब्यायचंच बोलनं हाये!"

"मंग?"

"मंग काई नाई. एक गोळा काढून टाकू, अन् दोन्ही डबे एका वायरीनं जोडू. एकच बोलन, दोघंबी आयकतीन. जे या पडद्यावर, तेच त्या पडद्यावर. सांगा, कोनाचा गोळा काढू?"



"माहा काढ," विमलबाई म्हणाली. "ईनबाईचा राहू दे."

"असं कसं बाप्पा! माहा काढ. वरमाय त्या हायेत."

दोघींच्या मनात याच्या नेमकं उलट होतं. विहिणीविहिणींत अशा वेळी किमान दहादा नाही-हो व्हावं लागतं. तौकीर बिचारा पडला साधा. जी आधी बोलली तिचं ऐकावं, असं त्यानं ठरवलं, आणि विमलबाईचा गोळा काढून तिच्या हातात दिला. विमलबाईनं तो पदरात घेतला आणि गाठ आवळून बांधली.

जाता जाता तौकीर म्हणाला, "झेंडेबी दोन्हीकडं सारखेच दिसतीन, बरं का." ते कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडदे आरशासारखे स्वच्छ झाले. पण त्यावर झेंडेच झेंडे. विमलबाई जिथं मासे लागले तिथं झेंडा लावायची. बेबीबाईचं वल्हं किंवा जाळं जिथं खुंटाला लागलं तिथं ती लावायची. वायर जोडताच सगळे झेंडे एकमेकांत मिसळले, आणि सगळे एकाच रंगाचे.

विमलबाईनं पुढं बसून नवे झेंडे पाहिले. 'ईनबाईले माशायच्या एवढ्या जागा ठाऊक, अन् मले एक नाई सांगतली!'

मागं बेबीबाईनंही नवे झेंडे पाहिले. 'एवढी खुंटं ठाऊक असून मले तिथूनच वल्हवाले लावते ही बाई!'

मग बेबीबाई विमलबाईच्या झेंड्यांना वळसे घालून नाव नेऊ लागली. विमलबाईला वाटलं, मुद्दाम माशांपासून लांब नेते आहे. ती गोड आवाजात म्हणाली, "ईनबाई, जराशी उजवीकडं घेता का?"

उजवीकडं बेबीबाईचा सगळ्यात मोठ्या खुंटाचा झेंडा होता. 'तिलेबी दिसतेच ना पडद्यावर,' बेबीबाई मनात म्हणाली. 'वरमायले कोन शिकवन!' आणि तिनं नाव उजवीकडं घेतली.

पडद्यावर खाली काळी गर्दी दिसत होती. विमलबाईनं आनंदानं जाळं सोडलं. थोड्या वेळानं ओढायला गेली तर जाळं जागचं हलेना.

"मोठा हाये!"

"खुंट हाये," बेबीबाई म्हणाली.

"काय?"

"बाभयीचं खुंट हाये ईनबाई. मले ठाऊक हाये ते."

विमलबाई हळूहळू मागं वळली. "ठाऊक होतं तं सांगतलं काहून नाई?"

"झेंडा लावला होता ना!"

"मले वाटलं माशाचा हाये!"

"मले का मालूम तुमी माशाले झेंडे लावता! अन् वरमायले सांगाव कोनं? लग्नात जिलेबी थंडी झाली म्हून तुमी मांडवात भिताडाकडं तोंड करून बसल्या होत्या. तवापासून म्या तोंडाले कुलूप लावलं!"

"जिलेबी थंडी?" विमलबाई नावेत उभीच राहिली. "जिलेबी होती कुठं? आमच्या पंगतीले बुंदी वाढली तुमी! बुंदी!"

"उभ्या राहू नका!" म्हणत बेबीबाईही उभी राहिली. नाव एकीकडं कलली, आणि बेबीबाई वल्ह्यासकट पाण्यात गेली.

विमलबाईच्या तोंडून "अगं माय!" निघालं. पण बेबीबाईचा जन्म या पाण्याकाठी गेला होता. ती वर आली, तोंडातलं पाणी थुंकलं, वल्हं नावेत फेकलं, नावेची कड धरली आणि जिथं भांडण तुटलं होतं तिथूनच पुढं बोलू लागली, "अन् ती बुंदी तुमच्याच भावानं एकट्यासाठी मांगतली होती, वाढप्यानं साऱ्या पंगतीले वाढली असन! जिलेबी त्याच्या दाताले चिकटते म्हने!"

विमलबाईच्या डोळ्यापुढं तो उभा राहिला. तिचा भाऊ, तोंडात चार दात, आणि लग्नभर सगळ्यांना सांगत फिरत होता की पोरीकडच्यांनी जिलेबी दिली नाही. तिला एकदम हसू फुटलं. इतकं की खाली बसावं लागलं.

"हासता काय! ओढा मले!"

"थांबा, आता वल्ल्या झाल्याच तं जाळं सोडवून द्या ना."

बेबीबाईनं विहिणीला एक अशी शिवी दिली, जी तोवर कोणत्याही ईनबाईनं ईनबाईला दिली नसेल. मग दम भरून बुडी मारली. दोनतीनदा खाली गेली. जाळं सुटलं, मधोमध मोठं भगदाड पडलेलं. पण कडेला मनगटाहून जाड एक मरळ अडकून तडफडत होती.

"पाह्य माय," विमलबाई म्हणाली, "तुह्या खुंटापाशीबी मासा राह्यते!"

तिनं 'तुह्या' म्हटलं, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बेबीबाई उन्हात लुगडं वाळवत बसली, आणि मग दोघींनी पडदे मांडीवर घेऊन एकेक झेंडा पाहायला घेतला. हा कोणाचा? माहा, खुंट. हा? माहा, कटला. मधेच विमलबाई विचारी, "पहिल्या दिवाईले रेणूले उशिरा काहून धाडली?" बेबीबाई सांगे, "ताप होता तिले. तुमाले काळजी नको म्हून सांगतलं नाई." पुढचा झेंडा. "अन् माह्या नवऱ्याची कंबर गेली तवा पाहाले काहून नाई आल्या?" विमलबाईनं पडदा मांडीवर सरळ केला. "रडू आलं असतं मले. माहावाला तसाच गेला होता, कंबरेपासून सुरू होऊन."  बेबीबाईनं आपला एक झेंडा पुसला, बहुधा चुकून.

दोन दिवसांनी तौकीर पुन्हा आला. त्यानं माशांना माशाचं चित्र लावून दिलं आणि खुंटांना कवटीचं. कवटी पाहून बेबीबाई खूश झाली.

त्यानंतर धरणावर शांतता अशी उरलीच नाही. "आंधळी हायेस काय वं, डावीकडं!" "तू गप बस, टोपली पाह्य!" असा कल्ला काठापर्यंत ऐकू यायचा. रेणूनं घाबरून बादलला फोन केला, "तुमी लवकर या. दोघी जनी जीव घेऊन राह्यल्या एकमेकीचा."

बादल गॅरेजमधून तसाच, हाताला ग्रीस लागलेला, धावत आला. दोघी नाव काठाला लावत होत्या.

"माय," तो म्हणाला, "पटत नसन तं मी दुसरी नाव पाहू का?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"याले काय झालं?" विमलबाईनं विचारलं.

"भूक लागली असन," बेबीबाई म्हणाली. "ए बादल, उभा काय राह्यला जावई होऊन? दोर धर."