पापणीचा केस

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, बायकोची हनुवटी खिडकीतल्या उजेडाकडे वळवली आणि चिमटा पुढे नेला.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? चिमटाच हलतोय."

तिच्या पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासायचे. तो ते उपटायचा, ते पुन्हा उगवायचे. दुकान बंद केल्यापासून त्याच्या चिमट्याला एवढंच काम उरलं होतं. आज चिमटा चुकला. पापणीच्या कडेवर रक्ताचा ठिपका आला. घड्याळजीने तो कापसाने टिपला आणि चपला घातल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आपल्या कोटाची कॉलर आत दुमडून दाखवली.

"पापणीची कड अशी आत वळलीय. केस टोचणारच. छोटा छेद द्यायचा, कड बाहेर वळवायची आणि टाके घालायचे. भूल फक्त पापणीला. बुबुळावर ओरखडे आहेत, पण आता केलं तर नजर राहील. इतकी वर्षं थांबलात कशाला?"

"घरातच कारागीर होता ना," बायको म्हणाली.

घड्याळजीने घसा खाकरला. "म्हणजे पुन्हा उपटावे लागणार नाहीत?"

"बहुतेक नाही. सुटलात तुम्ही."

"हो," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. ते थोडं मागे पडलं होतं.

शस्त्रक्रिया झाली, त्या संध्याकाळी त्याने चिमटा आणि भिंग फडक्यात गुंडाळून खणात अगदी तळाशी ठेवलं. पुढे टाके निघाले, सूज उतरली. बायको पेपर वाचू लागली, त्याच्या सदऱ्यावरचे डाग दाखवू लागली. खिडकीपाशी मात्र कुणी बसेना.

एका सकाळी तिने स्वतःच खुर्ची तिकडे ओढली.

"अहो, भिंग आणा. काहीतरी टोचतंय."

त्याने घाईने खण उपसला. तिची हनुवटी वर केली. चिमटा आजही हलत होता. तिने डोळा उघडाच ठेवला. त्याने एकेक केस निरखला. सगळे बाहेर वळलेले, सरळ. बुबुळ स्वच्छ होतं. त्यात खिडकी दिसत होती आणि खिडकीसमोर वाकलेला तो.

"सापडला का?"

घड्याळजीने चिमटा हळूच खिडकीच्या कठड्यावर ठेवला. हनुवटी सोडली नाही.

"बघतोय अजून."

"बघा सावकाश," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय?"