ट्रायल बाकी

"उद्या या," मास्टर डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टर खरं तर मास्टरांना तपासायला आले होते. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात फाइल, मागे सिस्टर, असा सगळा सरंजाम होता. पण मास्टरांची नजर त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर गेली. बाही चांगलीच लांब होती. तेव्हा हे तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आहे, हे मास्टरांनी ठरवून टाकलं.

"आजोबा, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"वार कुठलाही असो, तुमचं काम उद्या."

"आणि हे कोण?" डॉक्टरांनी खाटेशेजारच्या चिरंजीवांकडे बोट दाखवलं.

मास्टरांनी चिरंजीवांना आपादमस्तक न्याहाळलं. "हेही गिऱ्हाईक. पण रेडिमेडवालं. नुसते भाव विचारायला येतात."

चिरंजीवांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांना याच माणसाने जन्माला घातलं होतं. तरी त्यांनी आपल्या शर्टाची कॉलर सारखी केली. तो शर्ट रेडिमेडच होता.

मास्टर शिंपी होते. पायाखाली मशीन आणि गळ्यात टेप, अशी त्यांची हयात गेली. गल्लीतले निम्मे नवरदेव त्यांनी शिवलेल्या कोटात बोहल्यावर चढले, आणि उरलेले निम्मे कोट वेळेवर न मिळाल्यामुळे मामाच्या कोटात. "उद्या या" हे मास्टर इतक्या गोड आवाजात सांगत, की माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर येई.

चिरंजीव छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा हात शिवशिवे. त्यांच्या बायकोने त्यांना चिठ्ठी लिहून ठेवणं केव्हाच सोडलं होतं. जे असेल ते ती तोंडी सांगे. चिठ्ठीला उत्तर येत नसे, ती तपासून परत येई.

तर असा हा मनुष्य वडिलांच्या उशाशी बसून त्यांच्या चुका दुरुस्त करत होता.

"बाबा, हे दुकान नाही. आयसीयू आहे. तुम्हाला न्यूमोनिया झालाय."

"हळू बोला. आत कारागीर बसलेत."

"ते कारागीर नाहीत, पेशंट आहेत. आणि तो आवाज मशीनचा आहे."

"मशीनचाच! तेल मागतंय ते. कानाने ऐकू येत नाही का तुम्हाला?"

एवढ्यावर भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मास्टर अंगावरच्या नळ्या उपटत होते. आदल्या दिवशी त्यांनी मानेतली नळी ओढून काढली आणि चादर लाल झाली. नळी पुन्हा घातली, आणि तेव्हापासून त्यांचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधले होते. हात बांधलेला शिंपी चिरंजीवांनी कधी पाहिला नव्हता. ते शक्यतो छताकडे बघत.

डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. "रक्तदाब टिकवायचं औषध त्याच नळीतून चाललंय. पुन्हा काढली तर जिवावर बेतेल. म्हणून बांधलंय, हौस म्हणून नाही. बांधल्याने ते आणखी बिथरतात, हेही कळतं मला."

"पण त्यांना वेड तर..."

"वेड नाही हो. ताप, औषधं, झोपेचं खोबरं. मेंदू गोंधळलाय. मधूनच निवळतं, मधूनच गढुळतं. बहुतेकांचं जातं. वेळ किती लागेल, ते मात्र विचारू नका."

"म्हणजे उद्या या," चिरंजीव पुटपुटले.

डॉक्टर गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यांच्याशी फार भांडता."

"मी भांडत नाही. चुका सांगतो."

"तेच म्हणतेय मी. कुठे आहात ते एकदा शांतपणे सांगा, मग सोडून द्या. वाद घातला की त्यांची नाडी पळते, मला इथे मशीनवर दिसतं. आणि चष्मा कुठाय त्यांचा? दिसलं नीट तर डोकंही जरा थाऱ्यावर येईल."

चष्मा दुकानात होता. चिरंजीवांनी कुलूप उघडलं. चष्मा मशीनवर होता, पण त्याची पेटी सापडेना. पेटी शोधायला कपाट उघडलं, तर समोर कोट.

तो त्यांच्याच लग्नाचा कोट होता. मास्टरांनी स्वतः बेतलेला, जागोजागी पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घातलेला आणि एकाच बाहीचा. ट्रायल तेवढी राहिली होती. आधी मास्टर "उद्या ये" म्हणाले, मग चिरंजीव "उद्या येतो" म्हणाले, आणि या उद्याउद्यात लग्न येऊन ठेपलं. चिरंजीव रेडिमेड सूट घालून बोहल्यावर चढले. चूक कुणाची, यावर घरात अजून दोन पक्ष होते.

चिरंजीवांनी एक टाका चिमटीत धरला. दोन बोटांनी धरायचं, मनगटाला हलका झटका द्यायचा. ही चिमूट त्यांनी लहानपणापासून रोज पाहिली होती. कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी मास्टर असेच कच्चे दोरे काढत. आणि मानेतल्या नळीला त्यांनी हात घातला, तेव्हाही बोटं अशीच होती.

माणूस वेडाचार करत नव्हता, काम उरकत होता. चिरंजीवांनी चष्म्याबरोबर कोटही उचलला.

आयसीयूच्या दारात सिस्टरांनी कोट अडवला. "बाहेरचं कापड आत चालत नाही."

"औषध आहे ते."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. "हातात घेऊन चालत नाही. अंगात घालून आलात तर मी काय बोलणार?"

चिरंजीवांनी कोट चढवला. पोटावर तो कुठूनच जुळेना. एका बाहीनिशी, पांढरे दोरे मिरवत ते वडिलांच्या खाटेशी उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांना चष्मा लावला. "बाबा, आपण हॉस्पिटलात आहोत. तुमची तब्येत सुधारतेय," त्यांनी एकदा सांगितलं आणि सोडून दिलं. आयुष्यात प्रथमच सोडून दिलं.

मशीनवर नाडी शांत दिसली, तशी सिस्टरांनी उजव्या हाताची पट्टी सोडली आणि त्या जवळच उभ्या राहिल्या. हात सुटताच सरळ मानेकडे गेला.

"दोरे लोंबतायत सगळे! असा कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा? अब्रू जाईल दुकानाची."

'ती नळी आहे' हे वाक्य चिरंजीवांच्या ओठापर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मास्टर, थांबा. ट्रायल बाकी आहे."

हात जागच्या जागी थांबला.

"ट्रायल नाही झाली?"

"नाही अजून."

"मग काढायचे कसे? ट्रायलच्या आधी टाके काढणारा शिंपी नव्हे, हजाम." हात अलगद खाली आला. सिस्टरांनी मशीनकडे पाहिलं आणि दुसरी पट्टी सोडली.

आता मास्टरांचं लक्ष कोटाकडे गेलं. कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, हा कोट माझ्या पोराचा आहे. तुमच्या अंगावर कसा?"

"घालून पाहिला."

"काढा. तुम्हाला नाही बसायचा. त्याचा डावा खांदा उतरता आहे. लहानपणी कापडाचे गठ्ठे आणायचा माझ्यासाठी, त्याच खांद्यावरून. तिथे आत जास्तीची पट्टी दिलीय मी. दुसऱ्या माणसाला तिथे टेंगूळच येणार. वाका, दाखवतो."

चिरंजीव वाकले. मास्टरांचा पंजा कॉलरखालून खांद्यावर फिरला. मुंढ्यापाशी थांबला. पुन्हा मागे गेला. टेंगूळ नव्हतं. कापड खांद्यावर अगदी बेतल्यासारखं बसलं होतं.

मास्टरांनी कोटावरची नजर उचलून चष्म्यातून वर चेहऱ्याकडे पाहिलं.

"नीट उभा राहा," ते म्हणाले. "ट्रायलला पोक काढून उभं राहू नये. किती वेळा सांगायचं तुला?"

चिरंजीव ताठ उभे राहिले. तेवढ्यात सिस्टरांना पलीकडच्या खाटेवर काहीतरी काम आठवलं.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. संध्याकाळी मास्टरांनी चिरंजीवांना पुन्हा गिऱ्हाईक करून टाकलं. पण नळ्यांना मात्र हात लावला नाही. पुढे रक्तदाब सावरला आणि सिस्टर मानेतली नळी काढायला आल्या, तेव्हा त्यांनाच मास्टरांनी दरडावलं, "ट्रायल झाली का?"

"झाली, मास्टर."

"मग काढा. दोरा ओढायचा नाही, सोडवायचा."

आता मास्टर साध्या वॉर्डात, खिडकीजवळ आहेत. वार बरोबर सांगतात. आयसीयूतलं त्यांना काही आठवत नाही, आणि चिरंजीवही आठवण करून देत नाहीत. कोट खाटेवर पसरलेला असतो. मास्टर सुईत दोरा ओवायला बघतात. दोरा एकदा डावीकडून जातो, एकदा उजवीकडून. आजाराने बोटांतलं काहीतरी नेलं आहे, ते परत आलेलं नाही. चिरंजीवांचा हात पुढे होतो आणि मागे येतो.

"हे कच्चे टाके काढून टाकू का मी?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"खुळा आहेस. पक्की शिलाई मारायच्या आधी काढलेस तर कोट हातात येईल." मास्टरांनी आपली बोटं उजेडात धरून पाहिली. ती थरथरत होती. त्यांनी सुई जपून चादरीत टोचून ठेवली. "हात जरा बसू दे माझा. उद्या ये."

चिरंजीवांनी कोट खिडकीच्या कडीला अडकवला, पांढरे दोरे होते तसेच ठेवून.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.