बिनदारूची बस

कोबेच्या हॉलबाहेर दोनशेच्या वर माणसं रांगेत उभी होती आणि अद्वय पाटणकरला त्या प्रत्येकाशी हात मिळवायचा होता. जपानी आयोजकांनी या दौऱ्यात ही नवीनच टूम काढली होती. आधी हस्तांदोलन, मग कार्यक्रम.

अद्वय सत्तेचाळीस वर्षांचा. आईवडील ठाण्याहून ऑस्ट्रेलियात जिलाँगला जाऊन राहिले आणि हा तिथेच जन्मला. 'द बॉरोड यूट्स' या रॉक बँडमध्ये तो बावीस वर्षं गिटार वाजवत होता. मुलाखतीत तो हसायचा नाही, पार्टीला थांबायचा नाही, म्हणून लोक म्हणायचे, याला माज आहे. मेलबर्नच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी तपासून सांगितलं, की हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. त्याने ते फक्त एका व्यक्तीला सांगितलं होतं, आणि ती जपानातच, त्सुकुबाला राहत होती.

कोबेचे सगळे हात मिळवून, दोन तास वाजवून, दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत तो गाड्या बदलत त्सुकुबाला पोचला. स्टेशनवर सुलेखा गाडी घेऊन उभी होती. ही त्याची थोरली बहीण. तिचा नवरा शिरीष तिथल्या एका संशोधन संस्थेत होता. घरी आल्यावर तिने आधी स्वयंपाकघरातला घरघरणारा पंखा बंद केला आणि मग वरणभात वाढला.

"झोप लागते का रे?"

"लागते. पण उठतो तेव्हा आणखी दमलेला असतो."

"क्रेगला सांगितलंस?"

क्रेग म्हणजे बँडचा गायक आणि म्होरक्या. अद्वयने नुसती मान हलवली. नाही.

"तीन वर्षं झाली, अद्वय."

तो भात कालवत राहिला. सुलेखाने पाणी ओतलं आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "लहानपणी आई मला पाहुणी करायची, आठवतं? मी दार वाजवायचे, तू म्हणायचास, हाउ आर यू. चुकलास की परत. चाळीस-चाळीस वेळा. डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांच्या मध्ये बघ म्हणायची. पोपट केला रे आम्ही तुझा."

"पोपटाचं पोट भरलं ना त्याच्यावर, ताई."

"भरलं. पण किती दमलायस बघ."

जेवून तो भाचीच्या, ओवीच्या, खोलीत आडवा झाला. ओवी शाळेतून आली, दारातून डोकावली, आईला जपानीत काहीतरी विचारलं आणि दप्तर घेऊन बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसली.

पडल्या पडल्या त्याला ब्रिस्बेन आठवलं. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या स्टेजवर नव्या दिव्यांची लखलख सुरू झाली आणि चौथ्या गाण्यात त्याचं डोकं फुटायला आलं. गिटार टाकून तो ड्रमच्या मागे कान दाबून बसला. दोघांनी उचलून आत नेलं. सकाळी पेपरात आलं, ड्रग्ज. रॉकवाल्याला लोक ड्रग्ज माफ करतात, उजेड सोसला नाही म्हणून कोण माफ करणार? आणि खरं कारण तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. तो गप्प राहिला. क्रेगने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. तिथे स्वतंत्र खोली, ठरलेलं वेळापत्रक, आठनंतर चिडीचूप. सहा आठवडे. इतके सुखाचे दिवस त्याने ना आधी पाहिले, ना नंतर.

उठला तो संध्याकाळी. सुलेखाकडून कागद मागून घेतला आणि पानभर मजकूर लिहिला. तोंडाने सांगायला गेलो तर अडखळू, हे त्याला माहीत होतं.

कावासाकीला शेवटचा कार्यक्रम होता. दुपारी, कपडे बदलायच्या खोलीत, त्याने तो कागद क्रेगच्या हातात दिला. क्रेगने तो दोनदा वाचला.

"म्हणजे ब्रिस्बेनला तू काहीच घेतलं नव्हतंस?"

"डोकेदुखीच्या दोन गोळ्या."

क्रेग खुर्चीत बसला. "अकरा वर्षं मी आपल्या दौऱ्यांच्या बसमध्ये दारूचा थेंब येऊ दिला नाही. तुझ्यासाठी. तू परत घसरू नयेस म्हणून."

"मला वाटलं, तुलाच दारू आवडत नाही."

"मला?" क्रेग हसायला गेला, पण ते जमलं नाही. "आणि डॅनी? बसमध्ये बाटली सापडली म्हणून मी त्याला काढलं. आपल्याकडचा सगळ्यात चांगला ड्रमर. तू समोर बसला होतास, अद्वय. एक शब्द बोलला असतास तर?"

डॅनी बँडमधून गेला त्या दिवसाचं अद्वयला सगळं आठवत होतं, बसच्या सीटचा रंगसुद्धा. पण डॅनी आपल्यापायी गेला, हे त्याने कधी जुळवलंच नव्हतं. ते आत्ता, या खोलीत जुळलं.

क्रेग उठून बाहेर गेला. आता हा कार्यक्रम रद्द करणार, अशी अद्वयची खात्री झाली. पण तासाभराने आयोजकांकडची एक मुलगी निरोप घेऊन आली. अद्वय-सानना रांगेसाठी यायचं नाही, क्रेग-सान एकटेच हात मिळवताहेत. आणि स्टेजवरचा उजेड आज स्थिर राहील, तसं सांगून झालं आहे.

त्यांनी वाजवलं. बरं वाजवलं. क्रेगने सबंध कार्यक्रमात त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सामान आवरताना एवढंच म्हणाला, "डॅनीला तू सांगायचंस. मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीतून अद्वयने फोन लावला. डॅनी आता होबार्टला लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवत होता. त्याने मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"बाटली माझीच होती," तो शेवटी म्हणाला. "पीत तर मी होतोच. पण त्यानंतर चार वर्षं मी कुठे वाजवलं नाही, हे तुला माहीत असू दे."

"हो."

"बायकोला सांगतो आणि मग बघतो, तुझ्याशी बोलायचं का ते. आत्ता सिमेंट सुकतंय." आणि त्याने फोन ठेवला.

बँड विमानाने परत गेला. अद्वय त्सुकुबाला राहिला, एका आठवड्याचे तीन आठवडे झाले. बराचसा वेळ तो झोपून काढायचा. क्रेगचा एकच मेल आला. पुढच्या दौऱ्याला दुसरा गिटारवाला घेतोय, रेकॉर्डिंगला मात्र तूच हवास, तुझ्या सोयीने ये. खाली नेहमीसारखी थट्टा नव्हती, नुसतं नाव होतं. अद्वयने 'चालेल' असं लिहून पाठवलं.

डॅनीचा फोन अजून आलेला नाही.